घरची भाषा, शाळेची भाषा आणि तुराटीच्या दहा काड्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा विषय पहिली-दुसरीच्या वर्गाचा आहे. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, शिक्षक नाही. पण माझी ताई बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिच्या वर्गामुळे मला या विषयाचं वेड लागलं.

आधी तो वर्ग समजून घ्या. तालुक्याच्या वरच्या अंगाला सातपुडा. काही पोरं घरी कोरकू बोलतात, काही निहाली, बाकीची वऱ्हाडी. निहाली म्हणजे जगावेगळं प्रकरण आहे. कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. बोलणारे साधारण दोन-अडीच हजार, आणि त्यांतले बरेच आपल्याच सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत. आपल्या जिल्ह्यात हे आहे आणि आपल्यालाच माहीत नसतं!

आता या सगळ्या पोरांच्या हातात येतं ते एकच मराठी पुस्तक. निपुण भारत हे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं ध्येय. ध्येय चांगलंच आहे. पण ते गाठायचं म्हणजे मुलांची तपासणी आली, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ताईने एकदा वर्गात एक वाचनाचं ॲप वापरून पाहिलं, नाव नाही घेत. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, चूक-बरोबर सांगतं. दुसरीतला एक मुलगा ‘शाळा’ला ‘शाया’ वाचत होता, ‘डोळा’ला ‘डोया’. प्रत्येक वेळी लाल फुली. चार-पाच फुल्या झाल्यावर त्याने फोन खाली ठेवला आणि पुढे वाचायलाच तयार होईना. ताई मला फोनवर म्हणाली, “अरे, मी पण घरी डोयाच म्हणते ना! मग मला काय वाचता येत नाही?”

आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न असतो, तो नेमका कुठल्या थरात आहे? तोच प्रश्न इथे विचारू. वाचनात निदान तीन थर आहेत. अक्षर ओळखणं, त्याचा उच्चार करणं आणि अर्थ लागणं. या पोराने ‘ळ’ बरोबर ओळखला होता, म्हणून तर दर वेळी त्याचा ‘य’ केला. बुलढाण्याच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, हे जुनं आणि नियमाने चालणारं वैशिष्ट्य आहे. ‘डोळा’ वाचून त्याने स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं, म्हणजे अर्थही लागला. मग चुकलं काय? आवाज ओळखणारी यंत्रणा जे आवाज ऐकून शिकते, त्यालाच ती बरोबर मानते. तिने पुण्या-मुंबईचेच आवाज ऐकले असतील, तर जळगाव जामोदचं पोर तिला चुकीचंच वाटणार.

हे नुसतं तांत्रिक नाही हो. त्या फुल्यांवरून पोरगा ‘मागे पडलेल्या’ गटात जातो. तिथे त्याला येत असलेलीच अक्षरं परत गिरवायला लावतात. अशी दोन वर्षं गेली की तो खरोखर मागे पडतो.

म्हणून ताईने तपासणीची पद्धत बदलली. वाचून झालं की वस्तू दाखव किंवा कृती कर. शंका असेल तर दोन शब्द सांगून लिहून घ्यायचे. कागदावर ‘ळ’ उतरला, विषय संपला. प्रमाण उच्चार शिकवायचाच आहे, पण त्याचे गुण वाचनातून कापायचे नाहीत.

दुसरं साधन भिंतीवरचे तक्ते. मधे चित्र, एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला शाळेचा. घरचा शब्द देवनागरीतच लिहायचा. ताईला कोरकू किंवा निहाली येत नाही. शब्द सांगायला सहावी-सातवीतली पोरं असतात, एखादी आजी येते. मुलं आपापल्या भाषेत गोष्ट सांगतात, मोठं पोर मराठी करून सांगतं आणि दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली जातात. छापील पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. २०१५ पासून चालू आहे आणि त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. तुम्ही भाषांतर करून झेरॉक्स काढू शकता, कोणी अडवत नाही.

आता गणित. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतो, लिहिताना आधी दोन. मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतो, पण दशक दोनच. मूल ३९ लिहितं. म्हणजे त्याने कान देऊन ऐकलं आणि डोकं लावलं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय? विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं, जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही नावं लहान मुलांना अडतात. थट्टा खूप झाली. पण ज्या पोराची घरची भाषा मराठी नाही, त्याला शंभरपर्यंतची ही नावं जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात, हे थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही.

ताईचा उपाय फुकटातला आहे. तुराटीच्या काड्या. सारख्या तोडायच्या, दहाची मोळी सुतळीने बांधायची. दोन मोळ्या आणि पाच सुट्या. आधी हाताने मांडायचं, मग २५ लिहायचं, मग ‘वीस आणि पाच’ म्हणायचं आणि सगळ्यात शेवटी ‘पंचवीस’. मोजताना पोरं घरच्या भाषेत मोजली तरी चालतं. मोळी सगळ्या भाषांत दहाचीच. आपल्याकडे हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, पानं घेऊन असंच काम उभं केलं.

तिसरं, प्रश्न विचारून शोधणं. जून २०२० मध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं तपासणीत निघालं. पोरांना फोटो दाखवला की विचारतातच, पाण्याचा रंग कसा बदलतो? लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. ते अभयारण्य आहे, तिथलं पाणी आणायचं नाही. त्याऐवजी कागदाला ओली हळद फासून वाळवा. साबणाचं पाणी टाकलं की लाल, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. टाकण्याआधी अंदाज सांगायचा, मग टाकायचं, मग खडूने रंगाचा ठिपका काढायचा. ज्याला अजून मराठी वाक्य येत नाही त्याचीही नोंद पूर्ण होते. आणि बघा, ‘का झालं’ हे सांगायची घाई झाली की शब्द आपोआप मागितले जातात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. एका वर्गात तीन भाषा असताना ते अवघड आहे, मान्य. पण तक्ता, मोळी आणि हळदीचा कागद यांना कुठलाही जीआर लागत नाही.

माझ्यासारख्या इंजिनिअर मंडळींना एवढंच सांगेन. वाचनाचं ॲप बनवत असाल तर पालकांना विचारून खेड्यातल्या पोरांचे आवाज घ्या. अक्षर-ओळख आणि उच्चार यांचे निकाल वेगळे दाखवा. लाल फुली दाखवायच्या आधी शिक्षकाला एकदा विचारा.

आणि शिक्षक ऐकत असतील तर तुमच्या वर्गातले घरचे शब्द मला नक्की पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!