लेकीची तक्रार आणि आपले कर्तव्य



कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला आपण विद्यापीठावर बोलावयास सांगितलेत, तेव्हा आम्ही प्रथम बिचकलो. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत. परंतु विषय पाहिला आणि वाटले, हा तर आमचाच विषय. विद्यापीठ हेही कामाचेच ठिकाण आहे. तेथेही वरचा आहे आणि खालचा आहे. जेथे एकाचे भवितव्य दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असते, तेथे त्या सहीची भलती किंमत मागणारा कोणीतरी निघतोच.

आपल्या येडगावहून खोडदच्या रेडिओ दुर्बिणी काही दूर नाहीत. त्या चालविणाऱ्या संस्थेचे मुख्य केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. जुन्नर-आंबेगावच्या मुली आज अशा विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत शिकतात. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडला तो भर रस्त्यात, चार लोकांच्या देखत. आजच्या मुलीला त्रास होतो तो बंद केबिनमध्ये, नाहीतर मोबाइलवर. तेथे साक्षीदार कोण?

आमचा मुकादम फार तर एक दिवसाची हजेरी बुडवी. कामगार चिडला तर दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राही. पीएच.डी. करणाऱ्या मुलीची चार-पाच वर्षे एका मार्गदर्शकाच्या हाती असतात. ती उठून कोठे जाणार? म्हणून ती गप्प बसते, आणि लोक म्हणतात, "तिचे काही म्हणणेच नव्हते."

या गप्प बसण्याला वाट करून देणारा कायदा आपल्याकडे फार उशिरा आला. तो मिळाला कोणामुळे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राजस्थानात भंवरीदेवी नावाची एक बाई गावपातळीवर सरकारी योजनेचे काम करीत असे. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. परंतु त्या घटनेवरून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल लागला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. पुढे २०१३ साली कायदा झाला आणि २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम निघाले. विद्यापीठातील मुलीला हे संरक्षण मिळाले ते खेड्यातल्या एका कामकरी बाईमुळे.

या नियमांत काय आहे ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक महाविद्यालयात व विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती हवी. तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सभासद बाहेरचा असावा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थ्यांनी निवडलेले तीन प्रतिनिधी त्यात बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना या समितीत जागा नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलगी स्वतः लिहिण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीणही तक्रार देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. तोवर ज्याच्यावर तक्रार आहे, त्याला तिचे पेपर तपासू न देण्याची शिफारस समितीला करता येते. तिचे नाव बाहेर फोडण्यास कायद्याने मनाई आहे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पोलिसांकडे जाण्याचा तिचा हक्क वेगळा आहे, आणि तिची इच्छा असेल तर त्या कामी संस्थेने मदत केली पाहिजे.

परंतु समिती कागदावर असून भागत नाही. आपल्या शेजारच्या गोवा विद्यापीठाचे उदाहरण घ्या. तेथे २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने लागोपाठ बैठका घेऊन काही आठवड्यांत चौकशी उरकली आणि पुढे त्या प्राध्यापकाला बडतर्फ केले गेले. २०१२ साली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मात्र मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बोपण्णा आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी ती बडतर्फी रद्द केली. समितीने घाई केली, त्या गृहस्थाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे धाडले. त्या गृहस्थाचे नाव आम्ही घेत नाही; निवाडा समितीने करावयाचा आहे, व्याख्यानाने नव्हे. परंतु त्या विद्यार्थिनींचा विचार करा. चौदा वर्षांनी त्यांचे गाऱ्हाणे पहिल्या पायरीवर आले.

आम्हां युनियनवाल्यांना यात नवल वाटले नाही. चौकशी सदोष होती, एवढ्या एका मुद्द्यावर आम्ही लेबर कोर्टात किती कामगार परत कामावर घेतले! जबाब नीट लिहून घेणे, उलटतपासणीला वाव देणे, दोन्ही बाजूंना कागद देणे, ही आरोपीवरची मेहेरबानी नव्हे. तक्रार करणाऱ्या मुलीला मिळालेला न्याय वरच्या कोर्टात टिकावा, याची ती तजवीज आहे. दिरंगाई जशी तिला मारते, तशी घाईही मारते.

आता स्वतःचे एक सांगतो. सांगावयास जड जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॅकिंगवरच्या एका बाईने आमच्याकडे तक्रार आणली. तक्रार होती एका जुन्या कामगारावर. तो युनियनचा खंदा सभासद, संपात लाठ्या खाल्लेला. नव्या बायकांना काम शिकविणे आणि त्यांच्याबद्दल शेरा देणे त्याच्या हाती होते. आम्ही काय केले? त्याला बाजूला घेऊन दटावले आणि बाईला म्हणालो, "ताई, झाले गेले विसरा, संघटना फुटेल." ती म्हणाली, "दादा, घरी सांगितले असते तर काम बंद झाले असते, म्हणून तुमच्याकडे आले." आठवड्याभरात तिने काम सोडले. संघटना फुटली नाही. मात्र त्यानंतर त्या खात्यातली एकही बाई तक्रार घेऊन आमच्याकडे आली नाही. ही आमची कमाई! विद्यापीठही जेव्हा "संस्थेचे नाव खराब होईल" म्हणते, तेव्हा ते आमचीच चूक करीत असते.

त्या बाईचे वाक्य आज आपल्यापुढे ठेवण्यासाठीच आम्ही येथे आलो. उद्या पुण्याहून लेकीचा फोन येईल. आवाज नेहमीसारखा नसेल. तेव्हा आपण काय म्हणणार? "तू तिथे गेलीसच कशाला?" की "गाशा गुंडाळ आणि घरी ये"? यातले काहीही म्हटलेत तर तिची धाकटी बहीण तो फोन कधीच करणार नाही. नियम कितीही चांगले असोत, पहिली समिती घरात बसते, आणि तिचे अध्यक्ष आईबाप असतात. तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. तारखा लिहून ठेवावयास सांगा. मोबाइलवरचे संदेश पुसू देऊ नका. तिच्याबरोबर जा, आणि शिक्षण चालू राहील असा शब्द तिला द्या. मुलाचा असा फोन आला तरी हसण्यावारी नेऊ नका. आयोगाचे नियम मुलांच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या छळाचीही दखल घेतात. जातीवरून कोणाला टोचले जात असेल, तर त्यासाठीही संस्थेत दाद मागण्याची सोय असली पाहिजे, ती मागा.

आणि विद्यापीठापुरतेच पाहू नका. आपल्या द्राक्षबागेत, टोमॅटोच्या तोडणीला येणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आपल्या लेकीसाठी जो न्याय आपण मागतो, तोच आपल्या बांधावरच्या बाईला देण्याची तयारी हवी.