इन्सुलिनची सुई आणि श्रावकाची यतना



मधुमेही व्यक्तीस डॉक्टरांनी इन्सुलिन सुचविले की जैन घरात दोन शंका उपस्थित होतात. पहिली सुईच्या वेदनेची आणि दुसरी औषधाच्या उगमाची. दुसरी शंका निराधार नव्हती. टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी केलेल्या संशोधनानंतर सुमारे साठ वर्षे इन्सुलिन गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडांपासूनच तयार होत असे. १९८२ मध्ये अमेरिकेत जीवाणूंच्या साहाय्याने बनविलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि आज दुकानात मिळणारे इन्सुलिन बहुतांशी अशाच पद्धतीचे असते. सूक्ष्म जीवांचा प्रश्न उरतो खरा. तो गुरुजनांपुढे अवश्य मांडावा. मात्र उत्तर मिळेपर्यंत औषध थांबविणे जिवावर बेतू शकते. वेदनेची शंका बहुधा पहिल्याच दिवशी मिटते. पेनची सुई अवघी चार मिलिमीटर लांबीचीही मिळते.

खरा धोका सुईत नसून तिच्या आसपास असतो. आपल्या देशात इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. १०० तीव्रतेचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट चूक झाल्यास अवघे ८ जातात. म्हणून दुकानातून आणलेली प्रत्येक बाटली व सिरिंज शेजारी ठेवून दोहोंवरील आकडा वाचावा. घरातील ज्येष्ठांची दृष्टी मंद असल्यास हे काम सुनेने वा नातवाने करावे.

टोचण्याची रीत डॉक्टरांकडून वा परिचारिकेकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावी. हात साबणाने धुवावेत. औषध दुधाळ प्रकारचे असेल तर तळहातांमध्ये हळुवार घोळवावे, जोराने हलवू नये. पेन असल्यास प्रथम दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब येतो का पाहावे. बेंबीपासून तीन-चार बोटे दूर पोटावर किंवा मांडीच्या पुढील-बाहेरील भागावर टोचावे आणि पेनची कळ पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढावी. रोज त्याच ठिकाणी टोचल्यास तेथे चरबीची गाठ होते. अशा गाठीत दुखत नाही, म्हणून अनेकांना तीच जागा प्रिय होते. परंतु तेथून औषध नीट शोषले जात नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच.

आता चौविहाराविषयी. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेरीस सव्वासातनंतर. म्हणजे सायंकाळचे भोजन वर्षभरात तासाहून अधिक मागे-पुढे सरकते. भोजनापूर्वीचे इन्सुलिन घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधलेले असावे. हिवाळ्यात सायंकाळच्या जेवणापासून नवकारसीपर्यंत सुमारे चौदा तास पोटात अन्न नसते. सायंकाळी साडेपाचला घेतलेल्या मिश्र इन्सुलिनमधील दुधाळ भागाचा जोर बहुधा रात्री दहा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे ऐन झोपेत, असतो. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही, तर ते नऊ वाजताचे जेवण गृहीत धरूनच मात्रा लिहितात.

पर्युषण असो वा दशलक्षण, उपवास, एकासन किंवा आयंबिल करावयाचे असल्यास काही आठवडे आधीच मात्रा बदलून घ्यावी. जेवणाचे इन्सुलिन घेऊन न जेवणे घातक आहे. आपल्या मनाने सर्वच इन्सुलिन बंद करणेही तितकेच घातक आहे, विशेषतः लहानपणी मधुमेह जडलेल्यांना. काहींनी तपश्चर्येचा निराळा प्रकार निवडावा, हेच योग्य.

रात्री घाम सुटला, हातपाय कापू लागले, साखर ७० च्या खाली आली, तर तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून तत्काळ घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मधाची गरज नाही. सूर्यास्तानंतर मुखात काही घालू नये म्हणून अशा वेळी सकाळची वाट पाहणाऱ्या श्राविकेचे धैर्य वंदनीय असेल, पण ते धैर्य तिला बेशुद्धीकडे नेते. प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार आहेत. रोगपीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. व्रत घेतानाच महाराजसाहेबांना विचारून ठेवावे, म्हणजे मध्यरात्री मनात द्वंद्व उरत नाही. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी वापरलेली सुई. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या दोन समिती साधूंना सांगितल्या आहेत. वस्तू उचलताना-ठेवताना आणि टाकताना कोणत्याही जीवास इजा न व्हावी, हा त्यांचा आशय. मुंगी वाचवून चालणाऱ्या घरातून उघडी सुई ओल्या कचऱ्यात जाते आणि सकाळी ती कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या बोटात शिरते. सिरिंजच्या सुईला पुन्हा टोपण लावण्याच्या खटपटीत स्वतःचेही बोट टोचते. त्यापेक्षा जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा सुईसह सिरिंज टाकण्यासाठी हाताशी ठेवावा. तो पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करावे, त्यावर 'सुया' असे ठळक लिहावे आणि जेथे उपचार चालू आहेत त्या दवाखान्यात विचारून तेथील जैववैद्यकीय कचऱ्यात जमा करावा.