पाठीचे आरोग्य आणि शाळेतील सवयी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन, लेखन व गणित यांची चर्चा आपण प्रत्येक परिषदेत करतो. आज ज्या पाठीच्या आधारावर मूल बसते, लिहिते आणि दप्तर वाहते, तिच्याविषयी थोडे बोलावयाचे योजिले आहे. विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत या दुखण्यामागे एखादा निश्चित आजार सापडत नाही. म्हणूनच रोजच्या सवयींकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

पाठीचा कणा हा एकसंध दांडा नव्हे. मणक्यावर मणका रचलेला असून मणक्यांच्या दरम्यान लवचीक चकत्या असतात. ही रचना वाकण्यासाठी, वळण्यासाठी आहे. “ताठ बसा, हलू नका,” असे आपण मुलांना वारंवार सांगतो. परंतु ताठ बसलेले मूलही तासभर तसेच राहिले म्हणजे त्याचे स्नायू शिणतात. सर्वांना सर्वकाळ लागू पडेल अशी एकच आदर्श बैठक नाही. पाठीला हवा असतो तो बैठकीतील बदल. बसकरपट्टीवरील मूल चुळबूळ करते, ते पुष्कळदा खोडी म्हणून नव्हे, तर शरीराची गरज म्हणून. त्यास शिक्षा करण्यापूर्वी आपण घड्याळाकडे पाहावे.

प्रत्येक तासिकेच्या अखेरीस एक मिनिट सर्व वर्गास उभे करावे. हात वर ताणावेत, जागच्या जागी पावले टाकावीत. फळ्यावर येऊन उत्तर लिहिणे, वह्या वाटणे, गट बदलणे ही कामे आळीपाळीने सर्वांना द्यावीत. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल असा खेळ वा व्यायाम हवा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेव्हा शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताच्या सरावास देऊ नये.

आता दप्तराविषयी. केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. २० किलो वजनाच्या मुलास २ किलो, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली त्यातील निम्मा वाटा घेते, हे ध्यानात घ्यावे. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल तर बाटली रिकामी आणता येईल. वेळापत्रकाप्रमाणेच पुस्तके आणावीत आणि दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीस लागून राहील असे घ्यावे. केवळ दप्तरामुळेच पाठ दुखते असे मात्र समजू नये. दिवसभर बसणे आणि घरी गेल्यावर तासन्‌तास मोबाईलवर मान वाकवून राहणे, यांचाही विचार झाला पाहिजे.

शिक्षकांनी स्वतःकडेही पाहावे. खाली बसलेल्या मुलांच्या वह्या कमरेत वाकून तपासण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून तपासाव्यात. पोषण आहाराच्या तांदळाचे पोते एकट्याने उचलू नये. ओझे उचलताना गुडघे वाकवावेत, ते अंगालगत धरावे आणि ओझ्यासह कंबर पिळू नये, पावले वळवावीत. मुलांकडून तर अशी जड कामे करवूच नयेत.

एखादे मूल पाठ दुखते म्हणाले तर “या वयात कसली पाठ?” असे म्हणून हसू नये. पालकांस कळवावे. साध्या दुखण्यात दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहण्याने लाभ होत नाही. झेपेल तितकी हालचाल ठेवणेच हितावह. मात्र लहान मुलाचे दुखणे थांबत नसेल, रात्री झोपमोड करीत असेल, किंवा कोणासही ताप, पायांत अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. तपासणीच्या दिवशी निश्चल बसलेला वर्ग म्हणजे उत्तम वर्ग, ही समजूत आपल्या खात्यात जुनी आहे. आपल्या केंद्रात तरी ती आता सोडू या. माझ्या भेटीच्या वेळी मुले उभी राहून हात ताणीत असलेली दिसली, तर शेरेबुकात त्याची नोंद अनुकूलच होईल. मुलांनी शिस्त जरूर शिकावी. पण तिची किंमत त्यांच्या पाठीने मोजावी लागू नये, एवढीच आपणांस विनंती.