स्पॅनिशभाषकाची इंग्रजीची पहिली इयत्ता



स्पॅनिश ही ज्याची मातृभाषा, अशा मनुष्याने इंग्रजीचे पहिले धडे कसे गिरवावेत, हा विषय मराठी श्रोत्यांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल, आणि ती रास्तही आहे. कारण स्पॅनिशशी आपला ऐतिहासिक संबंध नाममात्र, आणि इंग्रजी आपल्याकडे आली ती अगदी निराळ्या वाटेने. परंतु परकी भाषा शिकू लागलेल्या मनुष्याच्या बुद्धीत कोणते व्यापार चालतात, या प्रश्नाचा विसाव्या शतकात जो सूक्ष्म विचार झाला, त्याचा फार मोठा भाग याच दोन भाषांच्या जोडीवर झालेला आहे. नवशिक्याची चूक ही पुष्कळदा त्याच्या अज्ञानाची खूण नसून, त्याला आधीच पूर्णपणे अवगत असलेल्या एका व्याकरणाशी त्याने राखलेल्या इमानाची खूण असते, हे माझे आजचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि त्याला कोठे मुरड घालावी लागते, तेही मी यथावकाश सांगणार आहे.

प्रथम या प्रश्नाची राजकीय बाजू पाहू. १८९८ सालच्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर पॅरिसच्या तहान्वये पोर्तो रिको हे बेट स्पेनच्या हातून जाऊन अमेरिकेच्या अमलाखाली आले. सुमारे चारशे वर्षे स्पॅनिश नांदत आलेल्या या मुलखात १९०२ च्या कायद्याने इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा सरकारी कामकाजास मंजूर झाल्या. परंतु शाळाखात्याच्या प्रमुखाची नेमणूक वॉशिंग्टनहून होत असल्यामुळे शिक्षणाचे माध्यम कोणते, हा निर्णय बेटावरील लोकांच्या अखत्यारीत उरला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात फॉल्कनर या खातेप्रमुखांच्या कारकिर्दीत इंग्रजीचे माध्यम सर्वत्र जारी झाले. १९३४ साली त्याच पदावरील पादीन यांनी प्राथमिक शाळांत स्पॅनिश पुन्हा बहाल केली. त्यांच्यामागून धोरण पुन्हा फिरले. आणि लोकनियुक्त गव्हर्नराचा कारभार सुरू झाल्यावर १९४९ साली बियारोंगा यांनी माध्यम स्पॅनिश आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय, अशी व्यवस्था कायम केली. जवळजवळ अर्धशतक चाललेल्या या हुकूम-फेरहुकुमांत, मूल शाळेत येते तेव्हा ते एक संपूर्ण भाषा बरोबर घेऊन येते आणि नवी भाषा त्याला तिच्या आधारेच शिकावी लागते, या साध्या गोष्टीचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

तो विचार झाला तो अन्यत्र. १९४१ साली मिशिगन विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी भाषेची एक संस्था निघाली, आणि तिचे आरंभीचे विद्यार्थी मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेले, म्हणजे बहुतांशी स्पॅनिश बोलणारे होते. शिकवावयाच्या भाषेचे शास्त्रीय वर्णन आणि विद्यार्थ्याच्या मातृभाषेचे तसेच वर्णन ही दोन्ही समोरासमोर ठेवून जे धडे रचले जातात तेच सर्वांत परिणामकारक, हा सिद्धांत फ्रीझ यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. आणि १९५७ साली त्याला सविस्तर शास्त्ररूप दिले ते त्यांचे सहकारी रॉबर्ट लाडो यांनी. लाडो यांचा जन्म फ्लॉरिडात एका स्पॅनिश कुटुंबात झाला, बालपण स्पेनमध्ये गेले आणि तारुण्यात ते अमेरिकेत परतले. तेव्हा या दोन भाषांचा संघर्ष त्यांना केवळ पुस्तकांतून ठाऊक होता असे नाही.

आता प्रत्यक्ष व्याकरणाकडे वळू. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या प्रत्ययावरूनच पुरुष आणि वचन कळतात; ‘आब्लो’ म्हटले की ‘मी बोलतो’ हा अर्थ पुरा होतो आणि कर्त्याचा स्वतंत्र उच्चार बहुधा केवळ भर देण्यापुरता करावा लागतो. आपणही ‘जातो’, ‘येते’ म्हणून निरोप घेतो, त्यामुळे ही वहिवाट आपल्याला परिचयाची आहे. इंग्रजीने बहुतेक सर्व प्रत्यय टाकून दिले आणि त्याची भरपाई म्हणून कर्ता अपरिहार्य केला, तो इतका की पाऊस पडत असता, पाडणारा कोणी दाखवता येत नसतानाही, ‘इट इज रेनिंग’ असे म्हणून वाक्यात एक नामधारी कर्ता बसवावा लागतो. स्पॅनिशमध्ये ‘युएवे’ या एकाच शब्दात पाऊस पडून जातो. म्हणून माद्रिदचा किंवा मेक्सिकोचा नवशिका जेव्हा नुसते ‘इज रेनिंग’ म्हणतो, तेव्हा तो निष्काळजीपणे शब्द गाळत नाही, अर्थहीन शब्द नाकारीत असतो.

वय आणि भूक यांविषयीही तसेच. स्पॅनिश मनुष्य वर्षे ‘बाळगतो’ आणि भूकही ‘बाळगतो’: ‘तेंगो बेइंते आन्योस’, ‘तेंगो आंब्रे’. तेव्हा ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’ हे त्याचे पहिले वाक्य ठरलेलेच असते. विशेषणे नामांच्या वचनाप्रमाणे बदलावीत, हा संस्कारही त्याच्या हाडी खिळलेला असल्यामुळे ‘कासास ब्लांकास’ म्हणणारा तो ‘व्हाइट’ शब्दालाही अनेकवचनाचा प्रत्यय लावू पाहतो. आणि ‘खेंते’, म्हणजे लोक, हे त्याच्या भाषेत एकवचनी असल्यामुळे ‘द पीपल इज’ असे निःशंकपणे लिहून जातो.

याहून बिकट अडचण तेथे येते, जेथे मातृभाषेतील एका शब्दाचे परभाषेत दोन किंवा अधिक विभाग झालेले असतात. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि ती इंग्रजीत ‘बी’ या एकात विलीन होतात. विद्यार्थ्याला येथे एक भेद विसरावयाचा असतो, आणि विसरणे सोपे. परंतु ‘आसेर’ या एका क्रियापदाची ‘डू’ आणि ‘मेक’ अशी फाळणी, ‘देसिर’ची ‘से’ आणि ‘टेल’ अशी, ‘एन’ या एका शब्दयोगी अव्ययाची ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ अशी, आणि ‘सु’ या एका सर्वनामाची ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’, ‘युअर’ अशी वाटणी त्याला करावी लागते, तेव्हा जो भेद त्याच्या मनाने आजवर कधी पाहिलाच नव्हता, तो प्रत्येक वाक्यागणिक पाहण्याची सक्ती त्याच्यावर होते. स्टॉकवेल, बोवेन आणि मार्टिन यांनी १९६५ साली या दोन व्याकरणांची जी तौलनिक मांडणी केली, तीत अडचणींची प्रतवारी लावताना एकाचे अनेक होणे हेच सर्वांत अवघड मानले आहे.

प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत इंग्रजीचे एक विलक्षण लहरीपण प्रकट होते. स्पॅनिशमध्ये केवळ स्वर चढवून विधानाचा प्रश्न करता येतो, आणि वाचकाला त्याची वर्दी आधीच मिळावी म्हणून १७५४ साली स्पेनच्या शाही अकादमीने वाक्यारंभी उलटे प्रश्नचिन्ह घालण्याचा प्रघात पाडला. इंग्रजीत मात्र ‘डू’ हे अर्थाने रिकामे क्रियापद मध्ये आणावे लागते, अर्थाच्या दफ्तरी ज्याची नोंद नाही पण व्याकरणाच्या दरबारी ज्याच्यावाचून वाक्याची हजेरी लागत नाही. शेक्सपिअरच्या काळी हा प्रयोग अद्याप वैकल्पिक होता, पुढे तो सक्तीचा झाला. म्हणून ‘आय नो स्पीक’ म्हणणारा नवशिका इंग्रजीच्या या अलीकडच्या बंधनाशी झगडत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

शब्दसंग्रहाचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आणि पुढे थेट लॅटिनमधून जे शब्द इंग्रजीत लोटले, त्यांचे सख्खे भाऊ स्पॅनिशमध्ये पूर्वीपासून नांदत होते. त्यामुळे ‘नासिओन’ आणि ‘नेशन’, ‘लिबेर्ताद’ आणि ‘लिबर्टी’ अशा शेकडो जोड्या विद्यार्थ्याला प्रत्ययांचे दोन-चार नियम समजताच विनासायास मिळतात. परिणाम असा होतो, की त्याला ‘टॉलरेट’, ‘एंटर’, ‘कॉम्प्रिहेंड’ हे पंडिती शब्द आधी येतात, आणि ‘पुट अप विथ’, ‘गो इन’ हे पोरासोरांच्या तोंडचे प्रयोग मात्र कित्येक वर्षे येत नाहीत. एखाद्या बंगाली गृहस्थाला आपल्या वर्तमानपत्रातील अग्रलेख कळावा, पण मंडईतील भाजीवालीचे बोलणे कळू नये, तशी ही स्थिती आहे.

या आयत्या संपत्तीत खोटी नाणीही मिसळलेली असतात. ‘आक्तुआलमेंते’ याचा अर्थ ‘सध्या’, ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हे. ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. ‘आसिस्तिर’ म्हणजे उपस्थित राहणे, साहाय्य करणे नव्हे. आणि ‘एम्बारासादा’ म्हणजे गर्भवती, तेव्हा एखाद्या सुशील तरुणीने संकोचाची इंग्रजी भावना स्पॅनिशमध्ये व्यक्त करू पाहिल्यास काय अनर्थ होईल, ते सांगावयास नको.

येथवर जे सांगितले त्यावरून, दोन व्याकरणे शेजारी ठेवली की सर्व चुकांचे भविष्य वर्तवता येईल, असा समज होण्याचा संभव आहे, आणि काही काळ तो विद्वानांचाही झाला होता. परंतु एक लहानसा प्रत्यय या सिद्धांताला आडवा येतो. ‘ही वर्क्स’ यातील शेवटचा ‘स’ नवशिका हमखास गाळतो. मातृभाषेची सवयच सर्वस्वी कारण असती, तर ज्याच्या भाषेत प्रत्येक पुरुषाला निराळा प्रत्यय आहे, त्याला हा एक प्रत्यय सर्वांत सोपा जावयास हवा होता. त्याच्या भाषेतील शब्द सहसा दोन व्यंजनांनी संपत नाहीत, हे एक कारण सांगता येईल. परंतु अधिक खोल कारण हे की, इंग्रजी प्रत्यय लावीत नाही हा नियम त्याने स्वबुद्धीने ताडला आणि अपवादावरही चालवला. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याच्या चुकांकडे त्याच्या स्वतःच्या वाढत्या व्याकरणाचा पुरावा म्हणून पाहावे, असे सुचवले. आणि १९७४ साली डुले आणि बर्ट यांनी दाखवून दिले, की स्पॅनिश बोलणारी मुले आणि प्रत्ययांचा जवळजवळ अभाव असलेली चिनी बोलणारी मुले इंग्रजीचे हे बारीकसारीक प्रत्यय जवळजवळ एकाच क्रमाने आत्मसात करतात. तेव्हा माझ्या प्रतिपादनाला मुरड घालावयाची ती अशी: नवशिक्याचे इमान दोन व्याकरणांशी असते, एक मातृभाषेचे आणि दुसरे त्याने स्वतः अर्धवट रचलेले, आणि कोणती चूक कोणत्या व्याकरणातून आली, हे ओळखणे हीच शिक्षकाची खरी विद्या होय.

हे ओळखले की धड्यांचा क्रमही आपोआप ठरतो. स्पॅनिशभाषकाला पहिल्याच दिवशी नामधारी ‘इट’ द्यावे, वय आणि भूक यांची वाक्ये नियमावाचून तोंडपाठ करवावीत, ‘डू’चा सराव पुष्कळ आणि सावकाश घ्यावा, लॅटिन शब्दांवर वेळ न दवडता आखूड देशी क्रियापदांवर तो खर्चावा. तिसऱ्या पुरुषाच्या ‘स’साठी मात्र त्याला टोचून बोलू नये, कारण तो काळानेच येतो. मराठी विद्यार्थ्याला हाच क्रम लावला तर तो फसेल. स्पॅनिशमध्ये अमूर्त नामांनाही उपपद लागत असल्यामुळे तो विद्यार्थी ‘द लाइफ इज ब्यूटिफुल’ म्हणून एक ‘द’ जास्त घालतो. आपल्या भाषेत उपपदच नसल्यामुळे आपला विद्यार्थी हवा तेथलाही ‘द’ गाळतो. एकाला आवरावयाचे, दुसऱ्याला आठवण करून द्यावयाची. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी मराठी वाक्य पुढे ठेवून इंग्रजी वाक्य घडवले, ते यंत्रवत झाले असेल, परंतु विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेला त्यात मान होता. साऱ्या जगासाठी एकाच साच्यात छापलेल्या पुस्तकांत तो असू शकत नाही.

असा मान देणारा एक प्रयोगही झाला आहे. फ्रीझ यांच्याबरोबर पोर्तो रिकोची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या पॉलिन रोहास पुढे मायामी शहरात गेल्या, आणि तेथे १९६३ साली कोरल वे या शाळेत क्युबातून परागंदा झालेल्या कुटुंबांची मुले आणि इंग्रजीभाषक मुले यांना दोन्ही भाषांत शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या शाळेत स्पॅनिश मूल इंग्रजीत अडखळे, तसे इंग्रजी मूल स्पॅनिशमध्ये अडखळे, आणि चूक ही कोणा एकाच जातीची मिरास नाही, हे दोघांनाही कळण्याची सोय झाली. पोर्तो रिकोत हुकुमांनी जे अर्धशतकात साधले नाही, ते साधावयाचे असेल तर शिक्षकाने विद्यार्थ्याची भाषा निदान तिच्या व्याकरणापुरती तरी शिकली पाहिजे. ज्याला हे कष्ट नकोत, त्याने विद्यार्थ्याच्या चुका मोजण्याचा अधिकार सांगू नये.