पोटनिवडणूक कशासाठी?



ग्रामपंचायतीतला एखादा सदस्य वारला किंवा गाव सोडून गेला, तर त्याच्या वॉर्डाचे गाऱ्हाणे मांडायला कोणी उरत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. विधानसभेचेही तसेच आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा. त्यांतली एक रिकामी झाली तर उरलेल्या २८७ जणांवर काम भागेल, असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. पण ज्या मतदारसंघाची ती जागा, त्याच्या दृष्टीने सारे सभागृहच रिकामे झालेले असते. आपल्या पाटाच्या पाण्याचा, आपल्या अर्धवट पुलाचा प्रश्न तिथे विचारायचा कोणी?

म्हणून मधल्या काळात त्या एका जागेपुरती जी निवडणूक होते, तिला आपण पोटनिवडणूक म्हणतो. जागा रिकामी होण्याची कारणे अनेक. सदस्याचा मृत्यू हे एक. कोणी राजीनामा देतो. कोणी अपात्र ठरतो. कोणी दोन मतदारसंघांतून निवडून येतो आणि त्याला एक जागा सोडावी लागते. सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते, अशीही तरतूद राज्यघटनेच्या १९० व्या कलमात आहे.

मग ही जागा भरायची केव्हा? १९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात १५१-अ हे कलम आले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी, असे ते सांगते. त्याला अपवाद दोन. नव्या सदस्याला एक वर्षापेक्षा कमी काळ मिळणार असेल तर, किंवा त्या मुदतीत मतदान घेणे अवघड आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. निवडून आलेल्या माणसाला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. आधीच्याची उरलेली मुदत तेवढी मिळते.

ऐकायला सोपे वाटते; पण अडचण कुठे येते ते पाहा. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये निवर्तले. त्या वेळी विधानसभेची मुदत वर्षाहून थोडी अधिक उरली होती. मतदानाची तारीख ठरली २६ एप्रिल २०२४. म्हणजे नव्या सदस्याच्या वाट्याला येणार जेमतेम सहा-सात महिने. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि मार्च २०२४ मध्ये ही पोटनिवडणूक रद्द झाली. खर्च वाचला, यात शंका नाही. पण त्या मतदारांना सुमारे वर्षभर आमदार नव्हता, हेही तितकेच खरे. सहा महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या सहा महिन्यांत राज्याचा अर्थसंकल्प येऊ शकतो, दुष्काळ पडू शकतो. खर्चाचा हिशेब मांडायचा तर याचाही मांडला पाहिजे.

पोटनिवडणुकीत मते सहानुभूतीवर पडतात, असे आपण सर्रास म्हणतो. कधी तसे होतेही. पण तो काही नियम नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये वारले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे चिरंजीव भगीरथ भालके उभे राहिले, आणि समाधान आवताडे यांनी ३,७३३ मतांनी त्यांचा पराभव केला. कोणाची बाजू बरोबर, हा आपला विषय नाही. मतदाराने दुःख आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, एवढेच दिसते.

मोठ्या पदावरची माणसेही इथे अडखळतात. आमदार नसलेला मंत्री सहा महिन्यांत निवडून आला नाही, तर त्याचे मंत्रिपद जाते. उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री त्रिभुवन नारायण सिंह १९७१ साली मणिराम येथील पोटनिवडणुकीत हरले आणि त्यांना पद सोडावे लागले. एका मतदारसंघाच्या हाती केवढे बळ असते, बघा!

आणि तरीही आपण मतदानाला जात नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या अंधेरी पूर्व मतदारसंघात ऋतुजा लटके निवडून आल्या. प्रमुख प्रतिस्पर्ध्याने आधीच माघार घेतली होती. तिथे तिघांपैकी एकानेही धड मत दिले नाही. आणि दुसऱ्या क्रमांकाची मते, १२,८०६, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला पडली. निकाल ठरलेलाच आहे असे वाटले की लोक घरी बसतात. पण मतदान जितके कमी, तितके प्रत्येक मत वजनदार, हे विसरू नका. मजुरी बुडेल ही भीतीही नको. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा नियम पोटनिवडणुकीलाही लागू आहे, आणि कारखान्यात वा दुकानात रोजंदारीवर असलेल्यालाही तो मिळतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना एवढेच विचारा : आपला मतदारसंघ कोणता, आपला आमदार कोण, आणि उद्या ती जागा रिकामी झाली तर ती केव्हापर्यंत भरली पाहिजे? मुले हा प्रश्न घरी नेतील. घरात चर्चा होईल. ज्या गावाला आपल्या जागेची मुदत ठाऊक असते, ते गाव ती जागा फार दिवस रिकामी राहू देत नाही.