भाताचे खाचर आणि शेतकऱ्याचा हिशोब



पृथ्वी तापत चालली आहे आणि त्यास धुराडी व मोटारी कारण आहेत, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु हिरवेगार भाताचे खाचरही या तापास हातभार लावते, असे आम्ही म्हटले की श्रोते संशयाने पाहू लागतात. म्हणून आधी कारण पाहू.

खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव तेथील पेंढा, मुळे कुजवितात व मिथेन वायू तयार होतो. तो बहुतांशी भाताच्या रोपातूनच वर निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. भोके पाडलेली बांबूची वा प्लास्टिकची नळी खाचरात रोवावी. नळीतील पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र खाचर सुकू देऊ नये. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. नीट सांभाळल्यास उत्पन्न न घटता पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचते आणि मिथेन जवळजवळ निम्म्यावर येतो.

मग सारेच शेतकरी हे का करीत नाहीत? उत्तर हिशोबात आहे. डिझेल जाळून पाणी उपसणाऱ्याची बचत त्याच्याच खिशात पडते. पण कालव्याची पाणीपट्टी जेथे क्षेत्रावर आकारली जाते, तेथे पाणी वाचविणाऱ्यास काय मिळते? लाभ शेपटाकडच्या शेतकऱ्याचा, राखण मात्र याची!

आता आपल्या कोकणाकडे वळू. तेथील भात पावसावरचा. आषाढात खाचर सुकविणार कोण? तेथे लक्ष द्यावयाचे ते खतावर. फेकून दिलेल्या युरियातील बरेचसे नत्र वाया जाते, आणि त्यातील काही भागाचा नायट्रस ऑक्साइड होतो; तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक. चारसूत्री भातशेतीत चार चुडांच्या मधोमध खताची गोळी चिखलात खोल खोचतात. नत्र मुळांजवळ राहते व खत कमी लागते. परंतु गोळी खोचावयास वाकून मजुरी करावी लागते, आणि युरिया तर सरकारी अनुदानामुळे स्वस्त! वाचलेल्या खताच्या किमतीत ती मजुरी भागेलच असे नाही.

तेव्हा उपाय स्वस्त आहे एवढे सांगून आमचे काम संपत नाही. तो कोणास स्वस्त, हेही विचारले पाहिजे. युरिया वाचला की अनुदानही वाचते. त्या पैशाचा एक वाटा गोळी खोचणाऱ्या हातांस मिळावा, आणि कालव्यावर पाणी मोजून वाचविणाऱ्यास पट्टीत सूट द्यावी. शेतकऱ्यास पृथ्वीची काळजी शिकविण्यापूर्वी त्याच्या कष्टाचा हिशोब चुकता करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.