मापाने बेतलेली सहल



अंगरखा दोन प्रकारचा मिळतो. एक दुकानात तयार टांगलेला आणि दुसरा शिंप्याने आपले माप घेऊन बेतलेला. सहलींच्या बाबतीतही आता तसेच झाले आहे. पन्नास माणसांनी एका बसगाडीत बसावयाचे, ठरलेल्या ठिकाणी वीस मिनिटे उतरावयाचे आणि हाक आली की परत चढावयाचे, ही तयार कपड्याची सहल. दुसऱ्या प्रकारात एखादे कुटुंब किंवा दोनचार स्नेही स्वतःपुरता एक वाटाड्या ठरवितात. तो आधी विचारतो : आपल्याला आवड कशाची? बरोबर वृद्ध कोणी आहे काय? चालणे किती सोसेल? आणि मग त्या मापाने तो दिवस बेततो.

युरोपातील मोठ्या शहरांत ही चाल चांगलीच रुजली आहे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हे शहर चौदा बेटांवर वसलेले आहे. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा आणि जूनमध्ये रात्र धड काळोखीही होत नाही. अशा ठिकाणी एकच सहल बारा महिने सर्वांना कशी पुरावी? म्हणून परीक्षा देऊन अधिकृत झालेले वाटाडे तेथे आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्यास ते जुन्या नगरातील दगडी गल्ल्यांतून फिरवितात, मुले बरोबर असली तर थेट 'वासा' जहाजाकडे नेतात. हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाले आणि दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याने कलून, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरून बंदरातच बुडाले. ते १९६१ मध्ये वर काढण्यात आले आणि आज स्वतंत्र संग्रहालयात उभे आहे. एका फसलेल्या जहाजाचा एवढा मान क्वचितच कोठे झाला असेल.

हे जहाज मी मुद्दाम मध्ये आणले, कारण आमच्या इतिहासाच्या आरंभीही एक जहाजच आहे. मी राहतो त्या किलवणीपासून सिल्वासा जवळच आहे आणि सिल्वासा हेही राजधानीचे गाव होते. १९६१ पासून २६ जानेवारी २०२० पर्यंत दादरा व नगरहवेली या केंद्रशासित प्रदेशाची ती राजधानी होती. त्यानंतर दमण-दीवशी हा प्रदेश जोडला गेला आणि राजधानी दमणला गेली. आता हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला कसा? १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचा नाश केला. पुढे १७७९ च्या तहाने मैत्री झाली तेव्हा भरपाईपोटी वर्षाला १२,००० रुपयांच्या महसुलाची गावे देण्याचे ठरले आणि १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्या हाती गेली. एका जहाजापायी डोंगरातील वारली, कोकणा आणि धोडिया यांचे दैव पावणेदोनशे वर्षे लिस्बनशी बांधले गेले!

स्टॉकहोमचे जहाज पाहता येते. आमचे जहाज कोठेच पाहावयास मिळत नाही, ते सांगावे लागते. वाटाड्याची खरी गरज स्टॉकहोमपेक्षा सिल्वासासारख्या गावाला अधिक आहे, ती यासाठी.

आज येथे येणारा पाहुणा बहुधा वापी स्थानकावर उतरतो आणि भाड्याची गाडी करतो. (शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे कित्येकांची सहल मद्याच्या दुकानापाशीच संपते, त्यांचा विचार आपण सोडून देऊ.) उरलेल्यांना चालक दादऱ्याची वनगंगा बाग दाखवितो, वासोण्याच्या उद्यानात सिंह दाखवितो, दुधनीला मधुबन धरणाच्या जलाशयात नौका फिरवून आणतो आणि संध्याकाळी गाडी परत लावतो. ही स्थळे रमणीय आहेत, दुधनीचे पाणी तर पावसाळा सरता सरता फारच देखणे दिसते. परंतु अशाच एका कुटुंबातील वृद्ध गृहस्थाने चालकाला विचारले, "येथे आणखी पाहण्यासारखे काय आहे?" आणि त्याने शांतपणे उत्तर दिले, "काही नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकले. त्या वेळी ती मंडळी सिल्वासाच्या मध्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर उभी होती.

त्याच गावात २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वातंत्र्यसैनिक शिरले होते. आधी २२ जुलैला दादरा मुक्त झाले, मग नारोळी, मग सिल्वासा. त्या सैनिकांत संगीतकार सुधीर फडके होते, हे ऐकल्यावर कोणता मराठी पाहुणा दोन क्षण थबकणार नाही? पोर्तुगालने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला व त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. तोवर येथील कारभार वरिष्ठ पंचायत चालवीत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या समोर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते या प्रदेशाचे पंतप्रधान नेमावे लागले. अशी गोष्ट ज्या गावाच्या पदरी आहे, त्या गावात 'काही नाही' म्हणावयाचे?

तथापि मापाने बेतण्यात एक धोकाही आहे. शिंप्याला गिऱ्हाईक सांगेल तसे कापड कापावे लागते. वाटाड्याने पाहुणा सांगेल तसे माणसांना कापावे काय? स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्तुर हाझेलिउस याने 'स्कान्सेन' नावाचे उघड्यावरचे संग्रहालय काढले. देशभरातील जुनी घरे उचलून तेथे पुन्हा उभी केली. ती कल्पना थोर होती आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. पण त्याच आवारात उत्तरेकडील सामी लोकांची वस्ती मांडली होती व तीत खरी सामी माणसे राहवयास आणली जात, लोकांनी पाहावे म्हणून. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे आहेत, मासे धरण्याची साधने आहेत, माणसाएवढे पुतळे आहेत. पुतळ्याकडे हवे तितके पाहावे. पण पाड्यावरची बाई पुतळा नव्हे.

पाहुणा म्हणतो, 'आम्हाला तारपा नाच पाहावयाचा आहे.' महिना मे, वेळ दुपारची. तारप्याचा खरा हंगाम भात पिकून आल्यावरचा, दुधी भोपळ्याचे ते वाद्य वाजू लागले की रात्र कशी सरते ते कळत नाही. पैसे दिले म्हणजे भर उन्हात चार माणसे नाचतीलही, परंतु पाहुण्याने जे पाहिले ते काय होते? तेच चित्रांचे. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढावयाचा लग्नाचा चौक ही सवाशिणींची विधिपूर्वक मांडणी आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि आता ती पिशव्यांवर व पेल्यांवरही आली आहे. विकत घेण्यास हरकत नाही. चौकात बसलेली पालघट देवी कोण, एवढे विकणाऱ्याने सांगावे आणि घेणाऱ्याने ऐकावे.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक वारली तरुण अधूनमधून अशा पाहुण्यांना फिरवितो. घरात तो वारली बोलतो. मराठी, गुजराती आणि हिंदी त्याला सारख्याच सहजतेने येतात. गेल्या आवणीच्या दिवसांत मुंबईची काही मंडळी त्याच्याबरोबर होती. चिखलात वाकलेल्या बायकांची छायाचित्रे घ्यावयाची म्हणून त्यांनी यंत्रे सरसावली. तो म्हणाला, "थांबा, विचारून येतो." बायकांनी हसून निरोप धाडला की आधी खाली उतरा, एक ओळ लावा, मग काय काढावयाचे ते काढा. दोघेजण खरोखरच उतरले. त्यांची ओळ वाकडी झाली आणि त्यावरून बांधावर जो हशा पिकला त्यात पाहुणेही सामील होते. एक गृहस्थ मात्र रागावून गाडीत जाऊन बसले. या तरुणाने त्यांचीही समजूत काढली नाही, आणि मला वाटते, तेही योग्यच केले.

प्रश्न उरतो मोबदल्याचा. स्टॉकहोमात खाजगी वाटाड्याचे शुल्क सामान्यतः तासांवर व संपूर्ण गटापोटी आधीच ठरते. येथे गाडीचे भाडे ठरते, खोलीचे ठरते, जेवणाचेही ठरते आणि गाव सांगणाऱ्याच्या हातावर जाताना काहीतरी ठेवले जाते. ती बक्षिशी झाली, मजुरी नव्हे. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशाची वस्ती ३ लाख ४३ हजारांवर होती आणि तीत निम्म्याहून थोडे अधिक आदिवासी होते. त्यांची मुले आता पदवीपर्यंत पोचली आहेत, बरीचशी कारखान्याच्या पाळीत उभी राहतात. त्यांतील काहींना आपल्याच पटेलादीची गोष्ट सांगून पोट भरता आले तर पाहुण्यासही ती खऱ्या मुखातून ऐकता येईल.

तेव्हा आपल्यापैकी कोणी इकडे येणार असेल तर भात पिवळे पडू लागते त्या सुमारास यावे. गाडी ठरविण्यापूर्वी माणूस ठरवावा, त्याची मजुरी आधीच बोलावी आणि अर्धा दिवस काहीही न ठरविता त्याच्या स्वाधीन करावा. सिल्वासातील किलवणी नाक्यावरून आमच्याकडे रस्ता फुटतो.